न लावलेला कौल

आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि मग सगळे त्या पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. विहीर कुठे खणावी, होडी कधी पाण्यात ढकलावी, सोयरीक जमवावी की नाही, सगळं विचारतात. एकदा आम्ही विचारलं होतं की शाळेतल्या कॉम्प्युटरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घालावी. वाचणाऱ्याला हसू येईल. मलाही त्या दिवशी आलं होतं.

मी तेव्हा आचऱ्याच्या बाजूला एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवत असे. शिकवत असे म्हणजे चार जुनी यंत्रं होती, त्यातली दोन चालत, आणि मुलं पाळीपाळीने माऊस हातात धरून परत जात. २००५चं साल असावं. गावाबाहेर एका डॉक्टरांचा जुना दवाखाना होता, बाळंतपणाचा. डॉक्टर वारले, मुलांनी इमारत विकली, तिथे पर्यटकांसाठी लॉज होणार होतं. एका सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो शाळेवरून निघाला होता. त्यात लोखंडी खाटा, सलाइनचे स्टँड आणि त्यांच्यामध्ये आडवं पडलेलं एक काळं धूड मला दिसलं. लहान कपाटाएवढं. मी ओळखलं. तो सर्व्हर होता. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो.

"मास्तर, मराचां आसा काय?" टेम्पोवाला ओरडला.

"ह्यां उतरव," मी म्हटलं. "ह्यां शाळेक व्हया."

तो कुरकुरला, पण त्याची पोर आमच्याच शाळेत होती. चौघांनी मिळून ते धूड प्रयोगशाळेत नेलं. झाकण उघडलं तर आत पालीची अंडी आणि खाऱ्या वाऱ्याने सगळ्या स्क्रूंना धरलेला लाल गंज. मी दोन दिवस ब्रश आणि रॉकेल घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं. पंखे असे काही गरगरले की शेजारच्या वर्गातला तास थांबला. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, आणि यंत्राने नाव आणि पासवर्ड विचारला.

आत युनिक्स होतं, जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. पासवर्ड एकाच माणसाला माहीत होता. त्या दवाखान्यात वीस-बावीस वर्षं काम केलेल्या सिस्टर. दवाखाना बंद झाल्यावर त्या गावातच एका खोलीत राहत होत्या. निरोप धाडला तशा दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन आल्या, चष्मा पुसला, दोन बोटांनी टाइप केलं, आणि पडद्यावर नावांची यादी उतरू लागली.

"ही सगळी माझ्या हातातली पोरं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. दवाखान्याची जुनी जाडजूड रजिस्टरं वाळवीने धरली होती. डॉक्टरांनी हा कॉम्प्युटर घेतला तेव्हा, १९९८ साली, सगळ्या जुन्या नोंदी त्यात उतरवायचं काम सिस्टरांवर टाकलं. दुपारी पेशंट नसले की त्या बसायच्या. आईचं नाव, गाव, दिवस, वेळ, मुलगा की मुलगी, वजन. दीड-दोन वर्षं लागली. रजिस्टरं मग परसात जाळून टाकली, कारण वाळवी भिंतीत शिरत होती.

"सर, तुम्ही ह्याचं काय ते करा," शाळेत त्या जपून प्रमाण मराठीत बोलत, "पण आधी ह्या नोंदी कागदावर काढून द्या. किनाऱ्यावरच्या बायकांनी पंचायतीत जन्म लिहवले नाहीत. कोणाला वेळ होता? ह्याच्यातच आहे काय ते."

"देतो ना," मी म्हटलं.

दिलं असतं. खोटं बोललो नव्हतो. पण कागदावर काढायचं म्हणजे आमचा खडखडणारा प्रिंटर आठवडाभर चालवायचा, आणि त्याची रिबन शाळा देत नव्हती. शिवाय संस्थेच्या अध्यक्षांनी सर्व्हर पाहिला आणि जाहीर करून टाकलं की पंधरवड्यात पाहुणे बोलावून कॉम्प्युटर कक्षाचं उद्घाटन करायचं. सगळी यंत्रं ह्या मोठ्याला जोडायची. मोठ्यावर नवीन सिस्टीम घालायची.

आता सिस्टीम कोणती, ह्यावर वाद सुरू झाला. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र चालू झालं की जी आधी जागी होते आणि बाकी सगळ्यांना कामाला लावते ती. माझ्याकडे मासिकाबरोबर फुकट आलेल्या लिनक्सच्या सीड्या होत्या. मी पुण्यात लिनक्सच्या एका शिबिरात जाऊन आलो होतो आणि तिथून तोच ताप घेऊन आलो होतो. अध्यक्षांचं म्हणणं विंडोज घाला. त्यांच्या पुतण्याने सावंतवाडीहून कॉपी केलेली सीडी आणून ठेवली होती.

"पोरांका पुढे नोकरी खंय लागतली? खिडक्यांवर! तुझ्या त्या फुकट्यावर कोण नोकरी देतलो?"

"जुन्या यंत्राला विंडोज झेपणार नाही," मी म्हणे.

"म्हणजे यंत्रय तुझ्यासारखांच. नव्याक भियता."

स्टाफरूम हसली. मी तेवढ्यावर सोडायला हवं होतं. पण मला जिंकायचं होतं. इथे एक गोष्ट आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे लिहिणार नाही. तिसरा मार्ग होता. त्या यंत्रावरचं जुनं युनिक्स होतं तसं ठेवायचं, उद्घाटन पुढे ढकलायचं, आधी नोंदी काढायच्या. सिस्टरांचं म्हणणं तेच होतं. मी ते स्टाफरूममध्ये एकदाही काढलं नाही. जुनंच ठेवलं तर मग मी काय केलं, असं कोणी विचारलं असतं.

अध्यक्ष गावचे मानकरीही होते. वाद मिटेना तेव्हा ते म्हणाले, "भांडतास कित्याक? गावात रस्तो काढूचो झालो तरी आपण देवाक इचारतंव. ह्यां तर पोरांच्या विद्येचां काम."

सोमवारी सकाळी देवळात आठ-दहा माणसं जमली. गुरवाने पाकळ्या लावल्या. अध्यक्ष उभे राहिले, डोक्यावर टॉवेल घेतला, आणि एकदम त्यांचा आवाजच बदलला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"शाळेत जां नवीन यंत्र इलां आसा म्हाराजा, तेच्यात जी काय शिस्टीम घालूची आसा, ती खंयची घालूची, ह्येचो तूच खुलासो कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"फुकटाची ती..." ते थांबले, माझ्याकडे झुकून हळू विचारलं, "नाव काय रे त्येचां?"

"लिनक्स."

"...ती लिनक घालूची आसात तर उजवो दी, आणि खिडक्यांची घालूची आसात तर डावो दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मागे कोणीतरी फसकन हसलं. मीही ओठ चावत होतो. तेवढ्यात अध्यक्षांनी आमच्याकडे वळून, नेहमीच्या रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणाचां काय इचारूचां रवलां आसा?"

ही रीत आहे. प्रश्न पुरा झाला पाहिजे. अर्ध्या प्रश्नावर देव जे उत्तर देतो त्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर, असं आमच्याकडे मानतात. सिस्टर तिथे नव्हत्या. त्या असत्या तरी बोलल्या असत्या की नाही, माहीत नाही. मला मात्र बोलता आलं असतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: जुनं तसंच ठेवायचं का, हेही विचारा. मी मान हलवली. नाही, काही राहिलं नाही.

उजवी पाकळी पडली. अध्यक्ष हरले, पण देवापुढे हरले म्हणून खूष होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दोन दिवसांनी, दुपारी शाळा सुटल्यावर मी सीडी घातली. डिस्क एकच होती. सिस्टीमने तीन वाटा दाखवल्या: मोकळी जागा असेल तेवढीच वापर, लिनक्सचं काही आधीचं असेल तर तेवढंच काढ, किंवा सगळं पूस. मोकळी जागा पुरत नव्हती. लिनक्सचं आधीचं काहीच नव्हतं. आता उरली होती तिसरी वाट. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की बोट चुकून गेलं. चुकून गेलं नाही. यंत्राने पुन्हा एकदा विचारलं होतं, खात्री आहे का. मी उठलो, माठातलं पाणी प्यालो, परत येऊन बसलो. मनात आलेलं वाक्य अजून आठवतं: झाली ती बाळंतपणं झाली. आणि मी होय म्हटलं.

उद्घाटन चांगलं झालं. पाहुण्यांनी नारळ फोडला, यंत्रावर हळदकुंकू वाहिलं, ते थोडं पंख्यातही गेलं. सिस्टर शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. नंतर जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "कागद काढलात?"

"डिस्क खराब होती, सिस्टर," मी म्हटलं. "खारं वारं. उघडलीच नाही."

"पण त्या दिवशी उघडली होती ना?"

"तेव्हाच शेवटची."

शेजारी अध्यक्ष उभे होते. मला वाचवायचं म्हणून असं नाही, त्यांना मनापासून वाटलं म्हणून ते बोलले, "देवाचो कौल होतो, सिस्टर. जां जावचां होतां तां गेलां." सिस्टरांनी मान डोलावली. त्या क्षणी मला काय सापडलं ते मी ओळखलं. खाऱ्या वाऱ्यापेक्षा भक्कम आडोसा होता तो. मी त्याच्या मागे जाऊन बसलो.

वर्षभर काही झालं नाही. मग पुढच्या पावसाळ्यात एक मासे विकणारी बाई शाळेत आली. टोपली तिने व्हरांड्याबाहेर ठेवली आणि पदर सावरत दारात उभी राहिली. तिची मुलगी आमच्याच शाळेत शिकलेली, आता बारावी झालेली. हुशार, शांत पोर. तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. गुण होते. अडलं वयावर; कोर्सला सतरा वर्षं पुरी लागत.

हे आमच्याकडचं दुखणं सांगायला हवं. किनाऱ्यावरची माणसं मुलाला शाळेत आणायची तेव्हा जन्मतारीख विचारली की म्हणायची, पावसाच्या आधी, किंवा नारळीपुनवेच्या मागसून. पहिलीचे मास्तर मग एक जून लिहायचे आणि वर्ष अंदाजाने. शाळेच्या दाखल्यावर अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. ह्या पोरीच्या मास्तरांनी अंदाज दीड वर्षाने चुकवला होता. खरी ती सतरा पुरी झालेली, कागदावर सोळा. तहसील कचेरीत सांगितलं, दवाखान्यातली नोंद आणा, तारीख दुरुस्त होईल.

"मास्तरानु, सिस्टरबाय म्हणता ती नोंद तुमच्या यंत्रात होती," बाई म्हणाली. "तिका याद आसा. माझां चेडू पहाटेचां झालां, सिस्टरबायन सोता वजन केल्यान. पण कचेरीत म्हणतत, याद चलाची नाय."

मी तिला तेच सांगितलं जे सिस्टरांना सांगितलं होतं. खारं वारं. उघडली नाही. हे सांगताना मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, मला आठवतं, जणू ते आठवताना मलाच त्रास होतो आहे.

ती टोपलीकडे वळली. मग म्हणाली, "मगे देवाच्याच मनात नाय. कौल लावन केलास ना तुमी ह्यां?"

"हो," मी म्हटलं.

त्या 'हो'पर्यंत आलो की मी अजूनही थांबतो. पोरीचं ते वर्ष गेलं. पण दुसऱ्या वर्षी कागदावरच्या वयानेही ती बसत होती. हे मला ठाऊक होतं. मी कचेरीबाहेर लावलेला नियम वाचून आलो होतो. बाजारात बाईला गाठून मी म्हटलं, यंदा फॉर्म भरा. ती बांगडे कापत होती. कापताकापताच म्हणाली, "सांगलंय मिया. पण चेडूच ऐकणा नाय. म्हणता, देवान एकदा नको म्हटल्यान, पुन्ना कित्याक जावचां. आमच्यातलो कोणच देवाच्या इरुद्ध जायत नाय, मास्तरानु."

तिथे, त्या बाजारात, एका वाक्याने सगळं सुटलं असतं. देवाने नाही, मी. मी अर्धा प्रश्न विचारू दिला, मी पुसलं, मी खोटं बोललो. मी काय केलं? मी सहा बांगडे मागितले. तिने दोन वरचे घातले, पोरीचे मास्तर म्हणून.

पोरीचं लग्न त्याच वर्षाअखेर झालं, कुणकेश्वराला.

सर्व्हर तीन वर्षं चालला. मग एका उन्हाळ्यात विजेच्या खेळखंडोब्यात गेला. तो परत भंगारात घालताना मला काहीच वाटलं नाही. एव्हाना सगळं मला त्या यंत्राशिवायच आठवत होतं.

सिस्टर पुढे सावंतवाडीला बहिणीकडे राहायला गेल्या. २०१० साली मी परीक्षेच्या कामाला तिकडे गेलो असताना तळ्याकाठी त्या दिसल्या. बऱ्याच थकलेल्या. बाकावर बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी सरळ विचारलं. शाळेतली जपून बोलण्याची सवय आता सुटली होती.

"सर, एक इचारू? ती डिस्क खरांच खराब झाल्ली?"

"नाही," मी म्हटलं. "मी पुसली."

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तळ्याकडे बघत बसल्या. 

"माका तेदवाच वाटलां होतां," त्या म्हणाल्या. "पण मी म्हटलंय, मास्तर माणूस खोटां कित्याक बोलतलो." मग उठल्या. "माका सांगान काय उपेग? जेका सांगूचां तेका जावन सांगा. त्या चेडवाक."

मी कुणकेश्वराला गेलो. लगेच नाही, दीड महिन्याने. तिच्या नवऱ्याचं देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान होतं. ती एकटीच बसली होती, मांडीवर मूल झोपलेलं, आणि हाताने नारळाची शेंडी सारखी करत होती. मला बघून उठायला गेली.

"बस, बस," मी म्हटलं. आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. न थांबता, कारण थांबलो असतो तर परत फिरलो असतो.

तिचे हात नारळावर चालतच होते. पुरं झालं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे देवाक तुमी इचारूकच नाय?"

"विचारलं. अर्धंच."

"आणि दुसऱ्या वर्साक माझां वय बसत होतां, तां तुमका ठावक होतां?"

"ठाऊक होतं."

"मी नको म्हटलंय, तां?"

"तेही. तुझ्या आईने बाजारात सांगितलं होतं."

तिने नारळ खाली ठेवला. मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, हेही कबूल करतो. ती मुलाच्या अंगावरची माशी वारत राहिली.

"सर," ती म्हणाली, "मी चार वर्सां त्या देवाक तोंड दाखवूक नाय. म्हायेराक गेलंय तरी देवळात जायत नाय. आये गाळी घालता. मी म्हणतंय, तेका मी नको तर माकाय तो नको."

तिने मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"आयेक सांगू नकात," ती म्हणाली. "ती अजून दर सोमवारी तेका नारळ देता. चेडवाचां बरां केलंस म्हणान. तिका आता ह्या वयात दुसरो देव खंयसून हाडूचो?"

"पण तिला कळायला..."

"तुमका बरां वाटाक व्हया म्हणान तिका कित्याक दुखवतास?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. मूल चाळवलं. तिने त्याला थोपटलं. "जावा तुमी आता. ती बाराच्या गाडयेन येतली. तिका हंय दिसू नकात."

मी निघालो. एसटीच्या थांब्यापर्यंत पोचतो तर गाडी आलेलीच. तिची आई, मासे विकणारी बाई, पायरीवरून उतरत होती, हातात नातवासाठी आणलेली पिशवी. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"मास्तरानु! तुमी हंय खंय?"

मी तिच्याकडे बघितलं. मागे, वाटेच्या वरच्या टोकाला, दुकान दिसत होतं.

"देवाक इलंय," मी म्हटलं.

"बरां केलास," ती म्हणाली. "माझ्या चेडवासाठीय हात जोडा."

ती पुढे निघाली. गाडी वळून परत जायला उभी होती, कंडक्टर हाक मारत होता. मी चढलो नाही. दुकान चुकवून, समुद्राच्या बाजूने, वाळूतून देवळात गेलो आणि हात जोडून उभा राहिलो. तिला सांगितलेलं निदान तेवढं तरी खोटं पडू नये म्हणून.